ट्रिक-ऑर-ट्रीटची वयोमर्यादा

३१ ऑक्टोबरला हॅलोविनच्या संध्याकाळी अमेरिका-कॅनडात पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरतात, त्याला 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणजे 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' म्हणतात; ते कितव्या वर्षी थांबवायचं याचा एक संकेत आहे आणि काही गावांत चक्क कायदा. बारा-तेरा वर्षं हा आकडा सर्रास धरला जातो.

प्रथेच्या मुळाबद्दल वाद आहे. काहीजण ते आयर्लंड-ब्रिटनमधल्या प्राचीन केल्ट लोकांच्या साउइन या सणापर्यंत नेतात, पण मधल्या शतकांचा पुरावा फारच तुटक आहे. दुसरं मत इंग्लंडातल्या सोलिंगचं, म्हणजे दारोदार जाऊन त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करायची आणि त्याबद्दल छोटे गोड केक घ्यायचे, त्यात गरीब मोठी माणसंही असायची. तिसरं स्कॉटलंड-आयर्लंडातलं गाइझिंग, तिथे सोंग घेऊन आधी गाणं नाहीतर कविता म्हणून दाखवायची आणि मग सफरचंद किंवा नाणं मिळायचं. हे जास्त पटतं, कारण कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये १९११ साली पोरं असंच फिरत असल्याची नोंद आहे. 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द आधी १९२७ चे, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या ब्लॅकी गावचे मानायचे, आता कॅनडाच्याच ओंटारियो प्रांतातला १९१७ चा उल्लेख त्याहून जुना धरतात. १९४७ मध्ये अमेरिकेतलं साखरेचं रेशनिंग उठलं आणि त्यानंतर ही प्रथा झपाट्याने पसरली, ती मुख्यतः लहान मुलांची म्हणून, वयाचा प्रश्न बहुधा तेव्हापासूनचा.

कायद्याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या चेसापीक शहराचं. १९६८ च्या हॅलोविनला तिथे दंगामस्ती फार झाली म्हणून १९७० मध्ये बारा वर्षांवरच्यांना बंदी घातली, शिक्षा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. चॉकलेट मागितलं म्हणून पोराला तुरुंग, हे कायद्यात लिहिलेलं असणंच वाईट. २०१९ मध्ये वय चौदा केलं आणि तुरुंगाची तरतूद काढली. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या बॅथर्स्टमध्ये २०१७ मध्ये मर्यादा चौदावरून सोळा झाली.

बाकी ठिकाणी निकाल दारातच लागतो. पोर्चचा दिवा चालू, म्हणजे यायला हरकत नाही, अशा घरी बेल वाजते, दार उघडलं की समोर चॉकलेटं घ्यायला उशीचा अभ्रा पसरून उंच पोरगा उभा, घरमालक आधी त्याची उंची बघतो, वय नाही, त्यामुळे अंगाने थोराड अकरा वर्षांच्या मुलाला उगाच ऐकून घ्यावं लागतं, हे अन्यायाचंच आहे. मोठी झालेली मुलं मग धाकट्या भावंडाचा हात धरून फिरतात, नाहीतर घरी थांबून वाटायचं काम करतात.