सीओपीडी: चुलीपुढची बाई हिशेबात उशिरा का आली

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन किंवा फुप्फुस झिजून हवा बाहेर पडायला कायमचा अडथळा येणारा जुना आजार. त्याचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा लंडनपासून होते. १९५२च्या डिसेंबरात तिथे कोळशाचा धूर आणि धुके मिळून दाटले, काही दिवसांत हजारो माणसे दगावली. छातीच्या जुन्या दुखण्याचे रुग्ण त्यात पुष्कळ होते. मग ब्रिटिश डॉक्टर या आजाराच्या मागेच लागले. १९५९मध्ये तिथल्या एका परिसंवादातल्या व्याख्या छापून आल्या आणि दीर्घकालीन ब्राँकायटिस (श्वासनलिकांचा जुना दाह, कफासह खोकला) म्हणजे काय, एम्फिसिमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या झिजणे) म्हणजे काय, हे जगभर त्यांवरून ठरू लागले. सीओपीडी हे नाव या दोन्हींना मिळून आहे.

त्याच वर्षी दिल्लीच्या डॉक्टरांचा एक लेख अमेरिकेत प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या जुन्या आजाराने हृदयाची उजवी बाजू थकत गेलेल्या रुग्णांचा तो अभ्यास होता. त्यांत बायका बऱ्याच होत्या, बहुतेक जणी विडी न ओढणाऱ्या, आणि पुरुषांपेक्षा कमी वयात आजारी पडलेल्या. संशयाचे बोट चुलीकडे, लाकूड आणि गोवऱ्यांच्या धुराकडे गेले. लंडनच्या व्याख्या पाठ्यपुस्तकांत गेल्या. दिल्लीची ही नोंद मात्र कित्येक वर्षे तळटीपेपुरतीच उरली.

पुढचे मोठे काम पुन्हा लंडनचेच. तिथल्या ७९२ नोकरदार पुरुषांचा श्वास १९६०च्या दशकात आठ वर्षे मोजला गेला. १९७७चा निष्कर्ष आजही प्रत्येक सल्ल्याच्या मुळाशी आहे: वयाबरोबर फुप्फुसाची ताकद सगळ्यांचीच घटते, काही धूम्रपान करणाऱ्यांची ती फार वेगाने घटते, सिगारेट सोडली की वेग उतरतो, पण गेलेले परत येत नाही. काम उत्तमच होते. पण त्यात बाई एकही नव्हती, आणि 'हा सिगारेटवाल्यांचा आजार' ही समजूत तिथून घट्ट झाली. १९८०-८१मध्ये, रक्तातला प्राणवायू फार उतरलेल्या रुग्णाला रोज किमान १५ तास ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढते, हेही सिद्ध झाले.

२००१मध्ये जागतिक मार्गदर्शक सूचना आल्या आणि खरा वाद तिथून सुरू झाला. जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण हवा हे गुणोत्तर, श्वासनलिका रुंद करणारे पंपाचे (इनहेलरचे) औषध दिल्यावरही, ०.७०च्या खाली असेल तर सीओपीडी. आकडा लक्षात ठेवायला सोपा. पण हे गुणोत्तर वयाबरोबर आपोआपच उतरते. त्यामुळे म्हाताऱ्या निरोगी माणसावर शिक्का बसतो आणि चाळिशीतला खरा रुग्ण निसटतो.

त्याहून अवघड प्रश्न तीव्रतेचा. पहिल्या सेकंदातली हवा 'अपेक्षित' हवेच्या किती टक्के, यावर पायऱ्या ठरतात: ८०, ५०, ३०. अपेक्षित म्हणजे कोणाच्या मापाने? युरोपीय तक्ते वापरताना भारतीयांसाठी त्यांतल्या अपेक्षित आकड्यातून सरसकट दहा टक्के वगैरे वजा करायची रीत होती. पुढे १९७०-८०च्या दशकांत मुंबईच्या डॉक्टरांनी इथल्या निरोगी माणसांवरून स्वतंत्र सूत्रे बांधली. समजा, एका बाईची अपेक्षित हवा युरोपीय तक्त्याने २.२ लिटर आहे आणि तिने फुंकली १.०५. म्हणजे ४८ टक्के, पन्नासच्या खाली, आजार तीव्र. अपेक्षित हवेतून दहा टक्के वजा करा, तीच बाई ५३ टक्क्यांवर जाऊन मध्यम होते. फुप्फुस तेच, धापही तीच. २०१२च्या जागतिक सूत्रांतही भारतीयांसाठी वेगळा गट नव्हता. 'इतर' या रकान्यावर भागवावे लागले. २०२२-२३मध्ये वंशाचा रकानाच काढून सर्वांना एक सूत्र लावायची शिफारस झाली. मला हा बदल पटतो. सिगारेट ओढत नाही म्हणून सूत्रे बांधताना जिला निरोगी धरले, ती लहानपणापासून चुलीपुढे बसलेली असेल, तर धुराने केलेली घट आपण तिचे नैसर्गिक माप म्हणून लिहून ठेवतो. उलट बाजूही खरी आहे: मोठ्या मापाने विनाकारण रुग्ण ठरलेल्या माणसाला नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत त्रास होऊ शकतो.

चुलीचा प्रश्न धोरणात आला तो बराच नंतर. २०१६मध्ये गॅसजोडणीची उज्ज्वला योजना आली. टाकी पोहोचली, पण ती पुन्हा भरून घेणे अनेकींना परवडत नाही. सकाळचा चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी घरे आजही आहेत. २०१८च्या एका मोठ्या अंदाजानुसार देशातले रुग्ण १९९०मधल्या २ कोटी ८१ लाखांवरून २०१६मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेले होते. लोकसंख्या आणि वय वाढले, हे त्यामागचे एक कारण. २०२३च्या जागतिक सूचनांत चुलीचा धूर, बालपणातले आजार, अपुऱ्या दिवसांचा जन्म यांना धूम्रपानाच्या शेजारी स्वतंत्र कारणे म्हणून जागा मिळाली.

उपचारांत दीर्घकाळ काम करणारी श्वासनलिका-रुंदक औषधे पंपातून देणे हा पाया आहे. त्याला चालण्याचे-श्वासाचे व्यायाम आणि फ्लू-न्यूमोनियाच्या लशींची जोड असते. 'पंपाची सवय लागते' या भीतीने गोळ्यांवरच राहणारे रुग्ण अजून भेटतात. वास्तविक पंपातला डोस गोळीपेक्षा कितीतरी लहान असतो आणि थेट श्वासनलिकेत पोहोचतो. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२३च्या सूचनांत सीओपीडी आहे. पण नाकाला चिमटा लावून सहा सेकंद नीट फुंकून घेणारा प्रशिक्षित माणूस आणि श्वास मोजण्याचे यंत्र (स्पायरोमीटर) बहुतेक खेड्यांपासून दूर आहे, त्यामुळे धाप लागणाऱ्या बाईच्या केसपेपरवर बहुधा नुसते 'दमा' लिहिले जाते.