प्रभूची इच्छा असेल तर : सातारा-सांगलीकडच्या मिशनकार्यामागचं आजारपण

रविवारची उपासना संपत आली की आमच्याकडे सूचना वाचल्या जातात. महिला मंडळाची सभा, पाळकसाहेबांची गावभेट, कुणाच्या नव्या घरातली प्रार्थनासभा. आणि जवळपास प्रत्येक सूचनेच्या तोंडाशी तेच चार शब्द : ‘प्रभूची इच्छा असेल तर’. लहानपणी मला ते पत्रातल्या ‘सा. न. वि. वि.’सारखे वाटायचे. लिहायची पद्धत आहे म्हणून लिहायचे. मूळ आहे बायबलच्या नव्या करारात, याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात. अमुक गावी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, पैसा मिळवू, असे बेत आखणाऱ्यांना तिथे आठवण दिली आहे की तुमचं आयुष्य म्हणजे क्षणभर दिसून विरणारी वाफ.

या भागात मिशनचं काम कसं आलं, कुठे थांबलं आणि कुठे वळलं हे पाहायला लागलो तेव्हा लक्षात आलं की हे शब्द इथे आपसूक रुळलेले नाहीत. आपल्याकडच्या मिशनचा निम्मा नकाशा तापानं, पटकीनं (कॉलऱ्यानं) आणि क्षयानं आखलेला आहे.

सुरुवातच मोडलेल्या बेतापासून झाली. १८१२ साली अमेरिकन बोर्ड या परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेचे पहिले पाच मिशनरी कलकत्त्याला उतरले : जडसन, राइस, न्यूएल, हॉल आणि नॉट. मराठी मुलुख त्यांच्या डोक्यातही नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं. त्यांना देश सोडायचा हुकूम झाला. सॅम्युअल न्यूएल आणि त्याची पत्नी हॅरिएट मॉरिशसच्या जहाजावर चढले. वाटेत समुद्रावरच तिला मुलगी झाली आणि ती दगावली. ३० नोव्हेंबर १८१२ ला हॅरिएटही गेली. क्षयानं. वय १९. ज्या कामासाठी घर सोडलं त्यातलं एक दिवसाचं कामही तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. तिथूनही त्यांना परत पाठवण्याचा घाट होता. मध्येच ते गुपचूप कोचीनला निघाले, तिथून पकडून पुन्हा मुंबईला आणले गेले. अखेर गव्हर्नर नेपियन यांनी राहू दिलं. मराठी मुलुखातलं अमेरिकन मिशन जन्माला आलं ते असं, नाइलाजानं. पुढची यादी वाचताना जीव दडपतो. नॉट १८१५ मध्ये आजारी होऊन मायदेशी परतला. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीनं गेला. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीत, एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर, पटकीनंच गेला. बरोबरचे मुंबईत राहिलेले. उशाशी फक्त सोबतीला आलेली माणसं.

आता यातली एक गोष्ट बघा. आजारानं ‘निकामी’ ठरून परत गेलेला नॉट १८६९ पर्यंत जगला, ऐंशीच्या पुढे. धडधाकट म्हणून मागे राहिलेले मात्र चाळिशीसुद्धा नीट ओलांडू शकले नाहीत. यावरून देवाची योजना अमुक होती असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की मी जरा बाजूला होतो. तेव्हाच्या पत्रव्यवहारात मात्र हा प्रश्न फार विचारलेला दिसत नाही. जे गेलं ते देवाच्या हाती, उरलेलं काम आपल्या हाती, अशी त्यांची सरळ वाटणी होती.

साताऱ्याकडे हे काम आलं ते घाट चढून, आणि चढलं तेही आजारी माणसाच्या पायांनी. ॲलन ग्रेव्हज १८१८ मध्ये मुंबईत आले. मुंबईची हवा त्यांना कधीच मानवली नाही. तब्येतीसाठी एकदा अमेरिकेलाही जाऊन आले. परतल्यावर बोर्डापुढे सरळ प्रश्न होता : हा माणूस ठेवायचा कुठे? उत्तर सापडलं महाबळेश्वरात. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा बदल्यात दुसरं गाव देऊन घेतली होती आणि आजारी गोऱ्या शिपायांसाठी, अंमलदारांसाठी तिथे हवेचं ठिकाण वसवायला घेतलं होतं. बाजारपेठेला नाव पडलं माल्कम पेठ.

हवापालट या शब्दाला तेव्हा आजच्यापेक्षा फार वजन होतं. रोग दूषित हवेतून येतात हाच डॉक्टरांचाही समज होता. ‘मलेरिया’ या नावाचा अर्थच मुळी खराब हवा. डासाचा हात रोनाल्ड रॉसनं दाखवला १८९७ मध्ये. क्षयाचा जंतू कॉखनं १८८२ मध्ये शोधला, पटकीचा त्यानंतर. म्हणजे ग्रेव्हज यांच्या काळी औषध जवळपास नव्हतंच : कोयनेल (क्विनीन), जुलाब, रक्त काढणं आणि उंच जागा. साडेचार हजार फुटांवर डास कमी, पाणी ताजं, उकाडा नाही. कारण चुकीचं समजलेलं असलं तरी उपायाचा गुण यायचा. मात्र जून लागला की तोच डोंगर राहण्याजोगा उरायचा नाही. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागी छातीचा रोगी कसा ठेवणार? पुढे १८६० च्या दशकात चेसन यांनी पाचगणी निवडली ती याच अडचणीतून, आणि १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी तिथे बेल-एअरचं क्षयरुग्णालय काढलं त्यामागेही तोच हवेचा हिशेब होता.

ग्रेव्हज दौरे काढू शकत नव्हते. बाजारात, जत्रेत उभं राहून बोलायला छाती साथ देत नव्हती. मग उरलं काय? टेबल, दिवा आणि पंडित. बायबलच्या मराठी भाषांतराचं आणि दुरुस्तीचं काम त्यांनी तिथे बसून केलं. १८४३ मध्ये ते महाबळेश्वरातच वारले. मराठीत संपूर्ण जुना करार हाती यायला त्यानंतरही काही वर्षं गेली. प्रकृती ठणठणीत असती तर ते गावोगाव फिरले असते आणि कदाचित कागदावर काहीच ठेवून गेले नसते. ‘कदाचित’ हा शब्द मी मुद्दाम घालतोय. भाषांतर अनेकांचं काम होतं, एका आजाराची देणगी नव्हे.

त्यांच्या पत्नी मेरी ग्रेव्हज परत गेल्या नाहीत. नवरा गेल्यावर अमेरिकेची वाट धरणं हाच तेव्हाचा रिवाज होता. या बाई माल्कम पेठेत राहिल्या, मुलांच्या शाळा चालवत राहिल्या. सातारचं राज्य १८४८ मध्ये डलहौसीनं खालसा केलं आणि १८४९ मध्ये अमेरिकन मिशननं साताऱ्यात ठाणं उघडलं. राजकारणानं दार उघडलं हे खरंच. पण मिशनची माणसं जवळच्या डोंगरावर आधीपासून होती ती एका खोकणाऱ्या माणसामुळे.

इथे एक खटकणारी गोष्ट सांगायला हवी. हवापालट सगळ्यांच्या नशिबात नव्हता. मिशनरी आजारी पडला की डोंगर होता, जहाज होतं, बोर्डाच्या अहवालात त्याच्यासाठी परिच्छेद होता. त्याच्याबरोबर चालणारा बायबल वाचक, शाळेचा मास्तर, बाप्तिस्म्यामुळे भाऊबंदांनी पाणी तोडलेलं कुटुंब, यांना तापात घोंगडी आणि प्रार्थना. ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द त्यांच्या तोंडी जास्त खरे होते असं मला वाटतं, पण त्यांची पत्रं कुणी छापली नाहीत.

दक्षिणेकडे, सांगली-मिरजेच्या बाजूला, गोष्ट कोल्हापुरातून येते. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. १८५७ मध्ये आजारपणामुळे त्यांना अमेरिकेला जावं लागलं. शाळा किती चालवायच्या यावरून बोर्डाशी त्यांचा खटका उडालेला होताच. बोर्डानं परत पाठवायला नकार दिला. वाइल्डर १८६१ मध्ये कुणाच्याही पगाराशिवाय परत आले आणि सुमारे दहा वर्षं एकटे चालवत राहिले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळीनं ते काम पदरात घेतलं. त्याच कामाची फांदी म्हणून १८८४ मध्ये सांगलीत ठाणं सुरू झालं. पण तोवर वाइल्डर पुन्हा तब्येतीनं खचून अमेरिकेला परतले होते. कोल्हापुरात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट अमेरिकेत शिकला आणि १८८६ पासून तिथल्या कॉलेजांत मिशनकार्याला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी करणाऱ्यांत तो पुढे होता. बाप आजारी पडून परतला नसता तर मुलगा त्या कॉलेजांत असता का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

त्याच लाटेच्या दिवसांत, १८८९ मध्ये, कॅनडात जन्मलेला विल्यम वानलेस नावाचा तरुण डॉक्टर सांगलीत उतरला. इथे आजाराची बाजूच पालटली. तोवर मिशनला डॉक्टर लागायचा तो मुख्यतः आपल्याच माणसांना जगवायला. गावकऱ्यांवरचा उपचार ही जोडीची गोष्ट. वानलेस यांनी सांगलीत छोटा दवाखाना चालवला, १८९२ मध्ये बिऱ्हाड मिरजेला हलवलं आणि १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उघडलं. मिरज जंक्शन असल्यानं कर्नाटकातून, कोकणातून, देशावरून माणसं येऊ लागली. १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. एका डॉक्टरच्या दोन हातांनी हे पुरं होणार नाही हे कळल्यावर दुसरा मार्गच नव्हता. पुढे कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय झालं, क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मधे माळावर सॅनेटोरियम झालं, आणि त्या माळालाच लोक वानलेसवाडी म्हणू लागले. १९२८ मध्ये वानलेस ‘सर’ होऊन निवृत्त झाले, १९३३ मध्ये अमेरिकेत वारले. मिरजेत १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज निघालं ते याच जमिनीवर रुजलेल्या परंपरेतून. आज सांगली-मिरज रस्त्यावर हॉस्पिटलांच्या पाट्या मोजत बसलात तर दमाल.

सॅनेटोरियममधला रोगी काय करायचा याची कल्पना आज येणार नाही. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, आपल्याकडे पोहोचायला आणखी वर्षं गेली. त्याआधी उपचार म्हणजे व्हरांड्यातली खाट, दूध, अंडी आणि वाट बघणं. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. लग्न ठरलेलं मोडायचं, नोकरी जायची. देवावर भरवसा ठेव असं अशा माणसाला सांगणं सोपं नसतं, आणि माझ्या मते चांगले पाळक ते फार सांगतही नसत; खाटेशेजारी बसून एखादं भजन म्हणत.

या सगळ्याला शास्त्राचा आधार शोधताना आपल्याकडे बहुधा प्रेषित पौलाच्या ‘शरीरातल्या काट्या’चा, म्हणजे त्याला सतत छळणाऱ्या दुखण्याचा, दाखला देतात. मला त्यापेक्षा गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातली एक ओझरती ओळ जास्त जवळची वाटते. चौथ्या अध्यायात पौल त्यांना आठवण करून देतो की पहिल्यांदा मी तुमच्यात सुवार्ता सांगितली ती शरीराच्या आजारपणामुळे. पुढे जायचं असेल, जाता आलं नसेल, म्हणून तिथेच थांबला असेल. कुठला आजार, काही नाही. त्याचा सोबती त्रफिम मिलेतात आजारी म्हणून मागे ठेवावा लागला, तेही असंच एका ओळीत. बरा झाला का, पत्रात लिहिलेलं नाही. आणि तेच बरं आहे. नाहीतर आपण लगेच त्याची उपासनेत सांगायची साक्ष करून टाकली असती.

साताऱ्यात शेवटचा मोठा बेत मोडला तो नारायण वामन टिळकांचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणस्थ कवी आयुष्यभर म्हणत राहिला की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताभोवती एकत्र बसता यावं अशी ती कल्पना. साहेबी मिशनच्या चौकटीत न मावणारी. विचार करा : पन्नाशी उलटलेली, हातचं उत्पन्न सोडलेलं, आणि पुढ्यात अगदी नवा संसार. दोन वर्षंही पुरी मिळाली नाहीत. प्रकृती ढासळली, उपचारासाठी मुंबईला नेलं, आणि ९ मे १९१९ ला ते तिथेच गेले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

त्यांनी येशूचं चरित्र ओवीत लिहायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचेच अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून पाच वर्षं त्याच्यापासून दूर राहिलेल्या आणि मग स्वतःच्या वाटेनं तिथेच पोहोचलेल्या लक्ष्मीबाईंनी ते अर्धवट बाड पुढे घेतलं आणि त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली.