यंग्सटाउन: आधी शहर ओसरलं, मग काउंटी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं यंग्सटाउन का ओस पडलं, हे सांगताना सगळे १९ सप्टेंबर १९७७ च्या 'काळ्या सोमवार'पासून सुरुवात करतात. त्या दिवशी यंग्सटाउन शीट अँड ट्यूब कंपनीने कॅम्पबेलचा पोलाद कारखाना बंद करण्याची घोषणा केली आणि सुमारे ५,००० कामगारांवर घरी बसायची पाळी आली. तारीख खरी आहे, पण गळती त्याआधीच लागली होती.

१९३० साली शहरात १ लाख ७० हजार माणसं होती. महोनिंग नदीच्या काठाने मैलोन् मैल भट्ट्या होत्या. त्यांचं गरम पाणी नदीत सुटायचं, त्यामुळे ती भर हिवाळ्यातही गोठत नसे. १९६० ते १९७० या दहा वर्षांत शहरातली पंचवीस हजारांहून जास्त माणसं कमी झाली. शहर ज्यात येतं ती महोनिंग काउंटी, म्हणजे जिल्हा, मात्र तीन लाखांवर टिकून होती, उलट किंचित वाढलीच. लोक बोर्डमन, ऑस्टिनटाउन या उपनगरांत घरं घेत होते आणि पाळीला त्याच कारखान्यांत येत होते. अर्थात हे गोऱ्या कुटुंबांना जमलं. कृष्णवर्णीयांना ना कर्ज मिळे, ना तिथे घर.

कारखान्यांचं दुखणंही जुनंच. लोहखनिज ईरी सरोवराच्या बंदरांतून रेल्वेने आणावं लागे, त्यामुळे सरोवरकाठच्या कारखान्यांपुढे यंग्सटाउनचं पोलाद महाग पडे. १९६९ मध्ये शीट अँड ट्यूब लाइक्स या जहाजधंद्यातल्या कंपनीच्या ताब्यात गेली; भट्ट्या जुन्याच राहिल्या. धर्मगुरू आणि कामगारांनी मिळून कारखाना विकत घ्यायची धडपड केली, पण १९७९ मध्ये कार्टर सरकारने कर्जाची हमी नाकारली. त्याच वर्षी यूएस स्टीलनेही इथले कारखाने बंद करण्याचं जाहीर केलं.

त्यानंतर उपनगरंही सुटली नाहीत. पोटासाठी तरुण बाहेर पडले, मागे म्हातारी माणसं उरली. २०२० च्या जनगणनेत शहरात ६०,०६८ लोक भरले, आणि काउंटीत २ लाख २८ हजार.

२००५ च्या आराखड्यात शहराने आपण लहानच राहणार हे उघड मान्य केलं. असं कागदावर लिहायला धाडस लागतं. पावणेदोन लाख वस्तीच्या हिशेबाने घातलेले रस्ते आणि गटारं आता जेमतेम ऐंशी हजारांनी पोसायची होती, म्हणून रिकामी घरं पाडायला काढली. पण जवळपास ओस पडलेल्या गल्ल्यांतले उरलेसुरले रहिवासी पैसे देऊ केले तरी फारसे हलले नाहीत.