डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांसाठी तीन अर्ज: दिव्यांगत्व प्रमाणपत्र, निरामय विमा आणि कायदेशीर पालकत्व

डाउन सिंड्रोम असलेला मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली की कायद्याच्या दृष्टीने ती सज्ञान होते आणि आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. घरात काहीच बदललेलं नसतं, पण बँकेत आणि विमा कार्यालयात सही कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. त्याच सुमारास बालरोगतज्ज्ञांकडचं जाणं थांबतं आणि पुढच्या तपासण्यांची जबाबदारी नेमकी कोणत्या डॉक्टरची, हे कोणीच ठरवत नाही. यातून कुटुंबं घाईने पालकत्वाच्या अर्जामागे धावतात. माझा आग्रह वेगळ्या क्रमाचा आहे. आधी प्रमाणपत्र, लगेच विमा आणि पालकत्व गरज असेल तेव्हा, गरजेपुरतंच. तब्येतीच्या दृष्टीने पहिल्या दोन अर्जांवर जास्त काही अवलंबून असतं.

दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्या यादीत डाउन सिंड्रोम हे नाव शोधून सापडत नाही आणि बरेच पालक तिथेच अडतात. अर्जात ‘बौद्धिक अक्षमता’ हा प्रकार निवडायचा. गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल निदानाचा पुरावा म्हणून जोडावा, पण टक्केवारी त्यावरून ठरत नाही. ती बौद्धिक क्षमता आणि रोजच्या व्यवहारातली कौशल्यं तपासून ठरते. ऐकण्यात किंवा दिसण्यातही मोठी अडचण असेल तर तीही नोंदवायला लावा, म्हणजे एकापेक्षा अधिक दिव्यांगत्वांचा एकत्र विचार होतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर कायद्याच्या भाषेत ते ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ ठरतं आणि बहुतेक योजनांची पात्रता तिथून सुरू होते.

प्रमाणपत्र आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र, यांचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा लागतो. मग ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी जावं लागतं. लहानपणीचं प्रमाणपत्र असेल तर त्यावर विसंबू नका. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी बौद्धिक अक्षमतेसाठी ५, १० आणि १८ व्या वर्षी नूतनीकरण सांगितलं होतं. त्यामुळे सज्ञान झाल्यानंतरचं प्रमाणपत्र हाती असणं महत्त्वाचं.

तपासणीच्या दिवशी एक गोष्ट पाळा. आपल्या लेकराने जे कष्टाने कमावलं त्याचं कौतुक सांगावंसं वाटतं, आणि ते सांगावंही. पण सुटे पैसे मोजता येतात का, एकटीने प्रवास जमतो का, औषधाची वेळ स्वतःहून लक्षात राहते का, याचं उत्तर रोज जसं घडतं तसंच द्या. आणि प्रश्न आधी तिला किंवा त्याला उत्तर देऊ द्या. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो माणूस समोर बसलेला असतो आणि त्याला सगळं ऐकू येत असतं.

निरामय आरोग्य विमा

राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. निरामय ही याच कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यास या केंद्रीय संस्थेची विमा योजना. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, वयाची अट नाही आणि विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही. जन्मतः हृदयदोष असला तरी अर्ज अडत नाही. डाउन सिंड्रोममध्ये जवळपास निम्म्या बाळांना असा दोष असतो, म्हणून ही अट नसण्याचं मोल मोठं आहे.

या विम्याचा खरा उपयोग बाह्यरुग्ण खर्चात आहे. नेहमीचा विमा बहुधा दाखल झाल्यावरच कामी येतो. निरामयमध्ये बाह्यरुग्ण उपचार, औषधं, रक्त-लघवीच्या तपासण्या, दातांची प्रतिबंधक काळजी, चालू थेरपी, इतकंच काय तर आजारी नसतानाची नियमित तपासणीही बसते. मात्र प्रत्येक खर्चाच्या प्रकाराला वेगळी मर्यादा आहे, एक लाख रुपये एकाच उपचारावर वापरता येत नाहीत. नोंदणी करतानाच त्या वर्षीचा मर्यादांचा तक्ता मागून घ्या.

अर्ज राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत भरला जातो. दिव्यांगत्व प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, बँक खात्याचा तपशील आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी तसा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला नव्या नोंदणीसाठी २५० रुपये आणि इतरांना ५०० रुपये शुल्क आहे. विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं, म्हणून नूतनीकरण मार्च उजाडण्याआधीच करा. खंड पडला तर मधल्या काळातल्या खर्चाचं काही मिळत नाही.

पैसे आधी आपण भरायचे, मग दावा करायचा. दाव्यासोबत मूळ बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अहवाल जोडावे लागतात. चिठ्ठीवर तारीख, रुग्णाचं नाव आणि तपासणी का सांगितली हे स्पष्ट हवं. डॉक्टरांना तिथल्या तिथे लिहून मागा. मूळ कागद पाठवण्याआधी प्रत काढून ठेवा.

कोणत्या तपासण्या, आणि त्यांची फाइल

कोणी मागितली नाही तरी ही फाइल ठेवाच. प्रौढांमध्ये थायरॉइड मंदावणं फार सामान्य आहे. २०२० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रौढांसाठीच्या मार्गदर्शक सूचना २१ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात. कानात मळ साचून किंवा नस कमजोर होऊन ऐकू कमी येणं, तरुणपणीच मोतीबिंदू, झोपेत श्वास अडणं, वजन वाढणं, हेही वेळोवेळी पाहावं लागतं. मानेच्या वरच्या मणक्यांमधली सैलता काहींमध्ये असते. चाल बिघडली, हातापायांतली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते, म्हणजे त्यावरच्या एका विशिष्ट जनुकाचीही जादा प्रत. त्यातून मेंदूत अमिलॉइड प्रथिन लवकर साचतं आणि अल्झायमरचा धोका लहान वयात येतो. ‘जामा’तल्या सूचनांप्रमाणे ४० व्या वर्षापासून दरवर्षी स्मृतिभ्रंशाची चाचपणी करायला हवी. पण ‘आधीपेक्षा कमी झालं’ हे सांगायला आधी किती होतं हे लिहिलेलं असावं लागतं. म्हणून तिशीतच नोंद करा: अंघोळ, कपडे, पैसे, फोन, ओळखीचा रस्ता, आवडती कामं, बोलण्यातले शब्द. सोबत एखादा छोटा व्हिडिओ असला तर उत्तम.

‘डाउन सिंड्रोममध्ये असं होतंच’ हे वाक्य दवाखान्यात ऐकू आलं तर ते स्वीकारू नका. माणूस गप्प झाला, कामं विसरू लागला, तर थायरॉइड, नैराश्य, ऐकू न येणं किंवा झोप न होणं ही कारणं आधी तपासायला लावा. या सगळ्यांवर उपचार आहेत.

कायदेशीर पालकत्व

हा अर्ज राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे, नमुना ‘अ’ मध्ये करायचा. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचे प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. दिव्यांगत्व प्रमाणपत्र, दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो आणि होणाऱ्या पालकाची संमती तयार ठेवा.

समितीने दोन गोष्टी पाहायच्या असतात: पालकाची गरज आहे का आणि कशासाठी आहे. अर्जात हेच नेमकं लिहा. २०१६ च्या कायद्याचं कलम १४ मर्यादित पालकत्वाचा, म्हणजे परस्परविश्वासाने मिळून निर्णय घेण्याचा मार्ग दाखवतं. साध्या शब्दांत, चित्रं दाखवून समजावलं तर पुष्कळ प्रौढ आपल्या उपचारांबद्दल स्पष्ट मत देतात. ते मत विचारणं पालक नेमल्यावरही थांबू नये.

नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी समितीला द्यावी लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हयगय, छळ किंवा मालमत्तेचा गैरवापर झाला तर पालकाला हटवता येतं. आई-वडील स्वतः पालक असतील तर त्यांच्यानंतर कोण, यावर भावंडांशी आताच बोला. त्या वेळी नव्या पालकासाठी पुन्हा अर्ज करावा लागेल आणि तेव्हा प्रमाणपत्र, निरामयची कागदपत्रं आणि तब्येतीची फाइल कुठे ठेवली आहे हे त्या माणसाला ठाऊक असायला हवं.