पहिली चाल सुचल्यावर नजर कुठे जाते?

बुद्धिबळातली एक जुनी, देखणी मात आहे. घोडा शह देतो, मग वजीर राजाला खेटून बळी जातो. समोरच्या हत्तीला तो मारावाच लागतो आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोडा मात देतो. नियमित खेळणाऱ्यांना ही युक्ती पाठ असते. कधीकधी तेच नडतं.

बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी कसलेल्या खेळाडूंपुढे मांडलेल्या पटावर ही ओळखीची मात पाच चालींत होत होती, आणि दुसरी, सहसा लक्षात न येणारी, तीनच चालींत. शोधायची होती सर्वांत कमी चालींची. पाच चालींची सापडल्यावर अनेक जण म्हणाले, ‘याहून छोटी शोधतोय.’ नजरेचा माग घेणारं यंत्र मात्र दाखवत होतं की त्यांचे डोळे पुन्हापुन्हा पहिल्या युक्तीच्याच घरांवर जात होते. ते खोटं बोलत नव्हते. आपण शोधतोय असं त्यांना खरंच वाटत होतं! पटावर छोटासा बदल करून ओळखीची वाट बंद केली, तेव्हा तीन चालींची मात दिसू लागली.

म्हणूनच सोव्हिएत ग्रँडमास्टर कोटोव यांची शिस्त मला मोलाची वाटते: आधी खेळण्याजोग्या सगळ्या चाली मनात मांडायच्या, हिशेब नंतर. प्रत्येक फांदी, म्हणजे एका चालीतून पुढे निघणारा चालींचा क्रम, एकदाच तपासा, हा त्यांचा आग्रह मात्र मला पटत नाही. डच मानसशास्त्रज्ञ द ग्रूट यांनी अलेखिन, यूवे अशा दिग्गजांना मोठ्याने विचार करायला लावलं होतं. हे खेळाडू एकाच चालीकडे परतपरत येत आणि दरवेळी थोडं खोल जात.

याहून महत्त्वाची सवय २००४ साली काउली आणि बर्न यांच्या अभ्यासात दिसली. नवखा खेळाडू आपल्या चालीला सोयीचं उत्तर समोरच्याच्या तोंडी घालतो. मुरलेला खेळाडू ती चाल मोडून काढणारं उत्तर शोधतो.

मुलांबरोबर खेळताना मी त्यांना मोहऱ्याला हात लावण्याआधी पट फिरवून समोरच्या बाजूने बघायला लावतो. मग कोपऱ्यात दबा धरून बसलेला उंट त्यांना आपसूक दिसतो.