ग्रामीण वृद्धांची आरोग्यसेवा (नागपूर जिल्हा)

नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत राहणाऱ्या ६० वर्षांपुढील माणसांच्या तब्येतीची, खाण्यापिण्याची, खर्चापाण्याची आणि सोबतीची घर, गाव व शासन मिळून लावत असलेली व्यवस्था. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० टक्के लोक या वयाचे होते. देशाच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण जास्त आहे. खेड्यात ते अधिकच डोळ्यांत भरते, कारण तरणी पोरे बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत किंवा थेट पुण्यात असतात आणि घरी उरतात म्हातारा-म्हातारी.

शेतकरी किंवा मजूर साठीला थांबत नाही. काटोल-नरखेडच्या संत्राबागा, सावनेर-कळमेश्वरचा कापूस, मौदा-कुहीचे धान, भिवापूरची मिरची या सगळ्या कामांत सत्तरी गाठलेले हात दिसतात. निंदण, रोवणी आणि वेचणी ही वाकून करायची कामे बहुतांशी बायांची, त्यामुळे कंबर आणि गुडघे आधी त्यांचेच जातात. हे दुखणे ‘आता वयच झालं’ म्हणून अंगावर काढले जाते. फारच झाले तर किराणा दुकानातून गोळी आणली जाते, नाहीतर गावातल्या डॉक्टरकडून सुई टोचून घेतली जाते. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर रक्तदाब वाढतो, पोटात व्रण होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. गुडघ्याचे औषध अशा रीतीने दुसराच आजार उभा करते.

रक्तदाब आणि मधुमेहाची कथा वेगळी. आशा ताई घरोघरी माहिती भरून घेते, उपकेंद्रात (आता आयुष्मान आरोग्य मंदिर) तपासणी होते, गोळ्या फुकट मिळतात. अडते ते पुढे. ‘बीपी उतरला’ म्हणून गोळी सोडणे हा नेहमीचा प्रकार. डोके दुखले नाही म्हणजे बीपी नाही, हा समज पक्का आहे. दुसरे कारण अगदी साधे. पाकिटावरचे नाव वाचता येत नाही, पांढऱ्या दोन गोळ्यांपैकी सकाळची कोणती हे उमगत नाही, आणि पुढल्या महिन्यात त्याच औषधाचा रंग बदलून येतो. ज्या गावांत आशा ताई पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देते, तिथे घोळ कमी होतो. याला खर्च काहीच नाही, तरी हे सगळीकडे होत नाही. राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात वृद्धांसाठी वेगळी ओपीडी, व्यायामोपचार आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेट अपेक्षित आहे. यातली घरभेट सर्वांत मोलाची.

नागपूरचा उन्हाळा हा वृद्धांच्या आरोग्याचा स्वतंत्र विषय मानावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. वय झाले की तहान कमी लागते, घाम नीट येत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीर लवकर कोरडे पडते. टिनाच्या छपराखाली दुपार काढणाऱ्या माणसाला ऊन घरातच लागते. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा हे वऱ्हाड-नागपुराकडचे जुने उपाय. दुपट्टा उपयोगाचा, कांदा मात्र खिशात राहून काही करत नाही. बरळणे किंवा गुंगी दिसली तर अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

खर्रा हे इथले आणखी एक दुखणे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत (प्लास्टिकच्या कागदात) घोटून केलेला हा पदार्थ म्हातारेही दिवसभर तोंडात धरतात. हळूहळू तोंड उघडेनासे होते, भाकर चावत नाही, आहार पातळ भातावर येतो. तोंडातला न भरणारा व्रण हा कर्करोग असू शकतो.

मोठी रुग्णालये नागपुरात एकवटली आहेत: मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मिहानमधले एम्स. प्रश्न पोचण्याचा आहे. उमरेड-भिवापूरकडची नागभीड नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली आणि स्वस्त प्रवासाचे एक साधन गेले. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील लोकांना एसटी मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट. ही सवलत आरोग्य खात्याची नसली तरी तिच्याइतका हातभार क्वचितच कुठल्या आरोग्य योजनेने लावला असेल. २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण हे कवच भरती झाल्यावरचे आहे, महिन्याच्या तपासणीचे नव्हे.

श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांचे २०२३ पासूनचे दरमहा १,५०० रुपये म्हणजे अनेक घरांत औषध, चहापत्ती आणि नातवाच्या हातावरचे दहा रुपये. ते काढताना अंगठा उठत नाही. मातीत आणि चुलीत झिजलेल्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. हयातीचा दाखला दरवर्षी नव्याने.

सोबतीची सोय शासनाकडे नाही, गावाकडे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना अनेक गावांत चालते. नेहमी येणारा म्हातारा दोन दिवस दिसला नाही की कोणीतरी घरी डोकावते. विसरभोळेपणा मात्र तिथेही ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी जातो, आणि स्मृतिभ्रंशाची तपासणी राहून जाते.

मुले सांभाळत नसतील तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे निर्वाह भत्ता मागता येतो. वकील लागत नाही. चार लोकांत नाव जाईल म्हणून खेड्यातून अर्ज करायला माणूस धजत नाही. सातबारा मुलाच्या नावे करून देताना बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहून घेतलेली असेल, तर तो व्यवहार त्याच न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतो.