हाडं ठिसूळ? दोष नेहमी दुधाचा नसतो

‘लहानपणी दूध प्यायलं नाही, म्हणून हाडं ठिसूळ’ हे घरोघरी ऐकू येतं. कॅल्शियम हवंच, पण हाडांची घनता बरीचशी जनुकं ठरवतात.

एलआरपी५ हे जनुक बघा. २००१ मध्ये कळलं, की आईवडील दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली तर मुलाची हाडं किरकोळ धक्क्याने मोडतात आणि दृष्टीही लहानपणीच जाते. या जनुकाचं प्रथिन हाडं घडवणाऱ्या पेशींपर्यंत संदेश पोचवतं, शिवाय डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांची वाढही त्यावर अवलंबून असते. अशा मुलाच्या आईला ‘नीट खाऊ घातलं नाहीस’ म्हणून सुनावणं निव्वळ अन्याय!

उलट, याच जनुकातल्या वेगळ्या बदलाने अमेरिकेतल्या एका कुटुंबात हाडं विलक्षण दणकट झाली: जबडे रुंद, तोंडाच्या आत टाळूवर हाडाचा उंचवटा.